रॉकेटवाल्या बाई

खोली भाड्याने द्यायच्या आधी घरमालक काय काय विचारतात, ते मला तोवर पाठ झालं होतं. आडनाव काय, गाव कोणतं, नोकरी कुठे, भेटायला कोण कोण येणार. नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या घरी गेले तेव्हा घरमालकीण बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्या ओट्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "हवा नसन तर रॉकेट कशाले ढकलते?"

मी उमरेडहून एसटीने उभ्या उभ्या आलेली. विमा कंपनीच्या ऑफिसात नुकतीच नोकरी लागली होती आणि राहायला जागा नव्हती.

"मी खोलीसाठी आले होते," मी म्हणाले.

"खोली वर आहे. ती कुठं पळून नाही चालली. प्रश्नाचं सांग."

मी जे तोंडात आलं ते बोलले. "कशालाच ढकलत नसेल. आपल्याच पोटातलं मागे फेकत असेल, आणि त्याच्या धक्क्याने पुढे जात असेल."

बाईंच्या हातातला घाटा तसाच राहिला. "कोण्या शाळेत होती वं तू?"

"उमरेडला."

"चांगली शाळा आहे," असं म्हणून त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. शाळेचं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. माझ्या आधी आलेल्या एका गृहस्थाने "जमिनीला ढकलते" असं उत्तर दिलं होतं म्हणे. त्याला फाटकातूनच परत पाठवलं. चांगला माणूस होता, पण त्याचं जमिनीच्या वर काही जमलं नसतं, असं बाईंचं मत.

बाई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी, म्हणून सगळ्या गल्लीच्या त्या बाई. कुठल्याही राजापासून धडा सुरू झाला तरी तास संपायच्या आत त्या रॉकेटवर येऊन पोचायच्या, असं त्यांच्या विद्यार्थिनी सांगत. त्यांच्या लेखी जगाचा इतिहास एकच होता, रॉकेटचा. बाकीचं सगळं मधल्या वेळेत घडलेलं. "राजे काय, येऊन राहिले आन जाऊन राहिले," त्या म्हणायच्या. "वर कोण चाललं ते पाहा."

सकाळी त्यांच्या ओट्यावर तर्री-पोहे असत. ते खाताना त्या सांगत आणि मी ऑफिसला उशीर करत ऐकत बसे. चीनमध्ये बांबूच्या नळीत दारू ठासून फटाके उडवत. त्यातल्या एका नळीचं तोंड फुटायच्या ऐवजी बुड मोकळं झालं आणि नळी सुसाट निघून गेली. "म्हंजे पहिलं रॉकेट कोणी बनवलंच नाही. थे निसटलं!" हे सांगताना बाई अशा खूश व्हायच्या, जणू ती नळी त्यांच्याच स्वयंपाकघरातून निसटली होती. मग म्हैसूरकरांनी बांबूच्या जागी लोखंडी नळी घेतली आणि हे अग्निबाण कुठल्या कुठे जाऊ लागले. इंग्रजांनी मार खाल्ला, पण जाताना रणावर पडलेले बाण उचलून नेले आणि विलायतेत तसेच बनवून आपलं नाव लावलं. "आपल्याच मालाचा डबा बदलला न् काय!" आणि मग ती काडी. दिवाळीच्या रॉकेटला असते ना, तशी लांब काडी सगळ्या बाणांना असायची. तिच्याशिवाय ते सरळ जातच नसत. ती काडी काढून टाकायची कशी, हे कळायला माणसाला शेकडो वर्षं लागली. बुडाला तिरपी भोकं पाडली की नळी गरगर फिरते, आणि फिरणारी वस्तू सरळ जाते.

"तुलेही काडी बांधून आहे," एकदा त्या मला म्हणाल्या. आमच्या घरून दिवसातून चारदा फोन येत असे, त्याबद्दल हे बोलणं होतं. "सोड ना वं आता. फिर थोडी गरगर."

रॉकेट टप्प्याटप्प्याने वजन टाकत वर जातं, ही गोष्ट बाईंनी फारच मनावर घेतली होती. बाजारातून आल्या की छत्री खालच्या पायरीवर, पिशवी जिन्याच्या वळणावर, बूट त्याच्या वरच्या पायरीवर, आणि गच्चीत पोचेपर्यंत हातात फक्त चष्म्याचं घर. मी अंधारात त्या पिशवीतल्या वांग्यांवर एकदा असा पाय दिला की दुसऱ्या टप्प्यावरून थेट जमिनीवर आले. बाई धावत आल्या. मला काही लागलं नाही हे पाहून म्हणाल्या, "पाह्यलं? टाकलेला टप्पा समुद्रात पडाले पाहिजे. जिन्यात नाही. चूक माही आहे." त्या दिवसापासून जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक निळं टोपलं आलं. त्या टोपल्यांना त्या समुद्रच म्हणत. "पोरी, दुसऱ्या समुद्रातून कोथिंबीर आण."

पायात त्या नेहमी पांढरे बूट घालायच्या. काठपदराच्या साडीवरसुद्धा.

एकदा माझा गॅस संपला. ऑटोवाला सिलिंडर न्यायला तयार होईना. बाईंनी परसातून त्यांची जुनी सायकल काढली. म्हणाल्या, "केरळात पहिल्या रॉकेटचं नाक सायकलच्या कॅरिअरवर बांधून नेलं होतं. समुद्राच्या काठी चर्चमध्ये ऑफिस, न् सायकलवर रॉकेट. पुढं आपला उपग्रह बैलगाडीवर ठेवला. हे तर सिलिंडर आहे!" आम्ही दोघींनी ते सुंभाने करकचून बांधलं. मी हँडल धरलं, बाईंनी मागून सिलिंडरला मिठी मारली, आणि अशी आमची मिरवणूक भर दुपारी डेपोकडे निघाली. वाटेत ओट्याओट्यावरून विचारणा होत होती, "बाई, काय नेऊन राहिल्या?" बाई मान वर करून ओरडत, "इंधन!" परत येताना भरलेलं सिलिंडर जड झालं, सायकल एका बाजूला कलली, आणि मला हसू आवरेना. हसता हसता मी हँडल सोडलं. बाईंनी सिलिंडर सोडलं नाही. त्या त्याच्यासकट हळूच नाल्याच्या कठड्यावर टेकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रक्षेपण पुढं ढकललं."

त्यांच्या आवडीची दोन माणसं होती. एक रशियातला शाळामास्तर. लहानपणी आजारात कान गेले, पण घरात बसून त्याने चंद्रावर जायचं गणित मांडलं. गावाने वेड्यात काढलं. त्याने आयुष्यात एकही रॉकेट उडवलं नाही. "मास्तरच होता बिचारा, माह्यासारखा," बाई म्हणत, आणि त्या मास्तराच्या वतीने एक सुस्कारा टाकत. दुसरा अमेरिकेतला प्राध्यापक. त्याने पातळ इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं ते मावशीच्या वावरातून. ते जेमतेम झाडाएवढं उंच गेलं आणि कोबीत पडलं. याच प्राध्यापकाची त्याआधी एका मोठ्या वर्तमानपत्राने टर उडवली होती. वर हवाच नाही तर रॉकेट ढकलणार कशाला, एवढंही या माणसाला कळत नाही, असं छापलं होतं. माणसं खरोखरच चंद्राकडे निघाली तेव्हा त्याच पेपरने माफी छापली. तोवर प्राध्यापक कधीचाच वारला होता.

बाईंचा तो भाडेकरूंना विचारायचा प्रश्न कुठून आला, हे मला तेव्हा कळलं.

या माफीवर बाईंचा फार विश्वास होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी पाण्याच्या बाटलीचं रॉकेट उडवायचं ठरवलं होतं, आणि मुख्याध्यापिकांनी "इतिहासाच्या बाईंनी इतिहासातच राहावं" म्हणून मोडता घातला होता. त्या दिवसापासून बाई त्या माफीची वाट पाहत होत्या. रोज सकाळी पेपर उघडायच्या, सगळी पानं चाळायच्या, घडी घालून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आजबी नाही आली."

एका माणसाबद्दल मात्र त्या हसून बोलत नसत. लढाईत लंडनवर रॉकेटं पाडणारा आणि नंतर त्याच डोक्याने माणसांना चंद्रावर पोचवणारा जर्मन. त्या रॉकेटांच्या भुयारी कारखान्यात कैद्यांना राबवलं, आणि ती पडून जितकी माणसं मेली त्याहून जास्त ती बनवताना मेली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. पोहे तसेच राहिले. "हेही त्याच इतिहासात आहे," त्या म्हणाल्या. "मी वर्गात हे गाळलं नाही कधी. पोरी घाबरून जायच्या. पण गाळलं नाही."

आणि मग होल्ड.

रॉकेट सुटायच्या आधी उलटी मोजणी होते, हे सगळ्यांना माहीत असतं. ती मध्येच थांबवता येते, हे बाईंना त्याहून महत्त्वाचं वाटे. "इतकी अक्कल माणसाले कुठंच नाही आली," त्या म्हणत. "सगळे तयार, पैसा लागलेला, मंत्री येऊन बसलेले. न् एक कोणीतरी म्हणते, होल्ड. न् सगळे थांबतात! कोणी त्याले रागवत नाही." म्हणून त्याही होल्ड म्हणत. दूध उतू जायला आलं, होल्ड. ऑटो सुटायला लागला, होल्ड. दोन शेजारणी नळावर एकमेकींच्या सात पिढ्यांपर्यंत पोचल्या, की बाई गच्चीतून ओरडत, "होल्ड!" आणि त्या दोघी खरोखर थांबून वर पाहत. शाळेतली सवय असणार.

दुसरी त्यांची सवय म्हणजे कुठेही गेल्या तरी आधी बुडाकडे पाहायचं. "लोक टोकाकडं पाहतात. बिघडते ते बुडाशी."

माझं लग्न ठरलं काटोलच्या मुलाशी. तो बुटीबोरीच्या कापड गिरणीत सुपरवायझर होता. आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलं. घरात आत्याचा शब्द चालायचा. आमच्या दोनतीन भेटी झाल्या, त्या आत्याच्या देखत. लग्नानंतर मी नोकरी सोडून काटोलला राहायचं, हे कधी ठरलं ते मला कळलंच नाही. बैठकीत आत्या म्हणाल्या, "नोकरीचं काय, आता घरच पाहाचं आहे तिले," आणि बाबांनी मान डोलावली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी खोली सोडायचं बाईंना सांगितलं.

"तुले पाहिजे आहे का काटोल?" त्यांनी विचारलं.

"ठरलं आहे बाई."

"मी काय विचारून राहिली, तू काय सांगून राहिली," असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

लग्न उमरेड रोडवरच्या एका लॉनवर होतं. बाई पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं आणि पांढरे बूट. स्टेजच्या दोन्ही बाजूंना ठिणग्यांचं कारंजं उडवणाऱ्या काळ्या पेट्या ठेवल्या होत्या. हल्ली सगळ्याच लग्नांत असतात. शेवटच्या सावधानला रिमोट दाबला की दोन्हीकडून पुरुषभर उंचीच्या ठिणग्या उडणार, अशी मुलाकडच्यांची हौस. माझ्यापुढे अंतरपाट, हातात हार. मंगलाष्टकं झाली. बँडवाल्याने ढोलावर काठी उगारली. गुरुजींनी श्वास भरून घेतला.

"शुभमंगल साव..."

"होल्ड!"

चाळीस वर्षं मुलींचा वर्ग सांभाळलेला आवाज होता तो. गुरुजींचं सावधान 'साव'वरच अडकलं. ढोलाची काठी हवेत राहिली. अर्ध्या लोकांनी अक्षता टाकल्या होत्या, उरलेल्यांनी मुठी घट्ट मिटल्या. बाई खुर्ची सरकवून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचं बोट स्टेजच्या डाव्या कोपऱ्याकडे होतं.

"ते डबडं पाहा! कोणाचा तरी पाय लागला त्याले. तोंड पोरीच्या अंगाकडं आहे, न् वरून मामाचा शेला पडून आहे!"

सगळ्यांनी पाहिलं. पेटी खरोखरच कलली होती. मामा माझ्या मागे उभा होता आणि त्याच्या शेल्याचं टोक बरोबर पेटीच्या तोंडावर लोळत होतं. रिमोटवाल्या मुलाने अंगठा असा उचलला, जणू रिमोटलाच चटका बसला.

"अशी मध्येच थांबवतात का मंगलाष्टकं?" आत्या स्टेजवरून कडाडल्या. "मुहूर्त टळून राहिला! अपशकुन आहे हा!"

"सावधान, सावधान म्हणून राहिले ना तुम्ही केव्हाचे?" बाई म्हणाल्या. "मग राहा ना सावधान!"

मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. गुरुजींनाही हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं. मामाने शेला गुंडाळून काखेत धरला. पेटीवाला धावत आला. बाईही बूट वाजवत स्टेजवर चढल्या आणि मग एकच पेटी पाहून त्यांचं भागेना. दुसरी पेटी, तिची वायर, वायरीचा जोड, मंडपाचा पडदा, पंख्याचं तोंड. लोक कंटाळतील असं मला वाटलं, तर ते उठून उठून पाहू लागले. "बाई, इकडं फुगेवाल्याचं सिलिंडर आहे!" कोणीतरी ओरडलं. "हटवा!" बाई म्हणाल्या.

या सगळ्यात अंतरपाट आमच्यामध्ये तसाच होता. गुरुजींनी एक टोक धरलं होतं, मुलाच्या मित्राने दुसरं. पलीकडून हळू आवाज आला.

"ऐक ना."

"काय?"

"तू नोकरी सोडून राहिली, हे तूच म्हटलं ना?"

"मी? कधी?"

"आत्या म्हणे, तिचीच इच्छा आहे."

"मला कोणी विचारलंच नाही."

मला फक्त त्याचे पाय दिसत होते. त्याने एक पाय दुसऱ्यावर घासला.

"मी आता विचारून राहिलो," तो म्हणाला. "सोडाची आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग नको सोडू. नागपुरातच खोली पाहू. बुटीबोरीले तिथूनही जाता येते. खरं म्हंजे काटोलहून लय लांब पडलं असतं मले."

"आणि आत्या?"

"थांब." आणि त्याने तिथूनच, अंतरपाटाआडूनच हाक मारली, "आत्या! हे नोकरी नाही सोडणार. आमचं ठरलं."

"केव्हा ठरलं?" आत्या किंचाळल्या.

"आत्ताच!"

गुरुजी वर मंडपाच्या झुंबराकडे पाहत होते. "झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं. "हात दुखून राहिला माझा."

बाई स्टेजवरून उतरून खाली मधोमध उभ्या राहिल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "वर सगळं ठीक आहे का?"

"ठीक आहे!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"मग चालू करा. दहापासून!"

कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळं लॉन मोजायला लागलं. दहा, नऊ, आठ. माझे बाबा मोजत होते, आचारी झारे घेऊन बाहेर आले होते, बँडवाला काठीने ताल धरत होता. शून्याला गुरुजींनी जे सावधान म्हटलं ते त्यांनी जन्मात इतक्या जोरात म्हटलं नसेल. ठिणग्या सरळ वर गेल्या. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरदेव इतका हसत होता की हार माझ्या गळ्याऐवजी कानात अडकला.

आत्या जेवायला बसेनात. एका कोपऱ्यात खुर्ची फिरवून पाठ करून बसल्या. बाई दोन ताटं घेऊन त्यांच्याजवळ गेल्या. मी लांबून ऐकत होते. बाई त्यांना अमेरिकेतल्या प्राध्यापकाची गोष्ट सांगत होत्या. सगळं जग हसत होतं, पण एका बाईने म्हटलं, माझं वावर घे, कोबी गेली तरी चालेल, उडव तुझं रॉकेट. "ती बाई नसती तर माणूस चंद्रावर गेला नसता. माहीत आहे कोण होती थे?"

"कोण?" आत्यांनी पाठ न वळवता विचारलं.

"त्याची आत्या."

मला सांगताना ती मावशी होती. इंग्रजीत दोघींना एकच शब्द आहे, याचा बाईंनी पुरेपूर फायदा घेतला. आत्यांनी हळूहळू खुर्ची वळवली. "कोबी सगळी गेली का तिची?" त्यांनी विचारलं आणि वडाभात पुढे ओढला.

इतिहासात एवढं आयुष्य काढून बाईंनी खरं रॉकेट कधी सुटताना पाहिलं नव्हतं. हे आम्हाला लग्नानंतर कळलं, तेही आत्यांनी विचारलं म्हणून. "मग पाहिलं कशावर?" "टीव्हीवर." "हात्तिच्या," आत्या म्हणाल्या. "मग काय एवढं सांगून राहिल्या आम्हाले?" आणि पुढचं प्रक्षेपण जाहीर झालं तसं आत्यांनीच माझ्या नवऱ्याच्या मागे लागून श्रीहरिकोट्याला प्रेक्षकांत बसायची चार नावं नोंदवायला लावली.

आम्ही रेल्वेने गेलो. आत्यांनी काटोलची संत्री टोपलीभर घेतली होती. डब्यात कोणीही आलं की बाई त्याला प्रश्न विचारायच्या आणि आत्या संत्रं द्यायच्या, उत्तर चुकलं तरी. गुडूरला उतरून पॅसेंजर धरली. पुढे बस. उघड्यावर पायऱ्यापायऱ्यांची मोठी बैठक, समोर झाडी, आणि झाडीपलीकडे कुठेतरी ते उभं होतं. इथून दिसत नव्हतं. बाजूला एक तेलुगू कुटुंब बसलं होतं, त्यांना बाईंनी हातवारे करून सांगितलं, आधी उजेड येणार, आवाज मागून. त्यांनी हसून मान हलवली. बहुधा आधीही पाहिलेलं असावं.

लाउडस्पीकरवर मोजणी सुरू झाली. आत्यांनी माझा हात धरला. शून्य झालं आणि काहीच झालं नाही. मग झाडांच्या वर एक केशरी ठिपका आला, इतका झगझगीत की डोळ्यांत पाणी यावं. तो शांतपणे वर चढत होता. आवाज नाही, काही नाही.

मी बाईंकडे पाहिलं, तर त्या जागेवर नव्हत्या. त्या पायऱ्या उतरत होत्या. पदर सुटलेला, चष्मा हातात. खाली पोचल्या आणि चक्क धावायला लागल्या. सुटलेल्या एसटीमागे माणूस धावतो ना, तशा, एक हात वर करून. पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांना अडवायला हात पसरला, मग त्याचीही मान वर गेली आणि हात तसाच राहिला. बाई कठड्यापर्यंत गेल्या. पुढे जाता येत नव्हतं.

तेव्हा आवाज आला. कानांत नाही, छातीत. पायऱ्या थरथरल्या, आत्यांच्या मांडीवरची संत्री उड्या मारत खाली निघाली आणि आत्यांनी एकही धरली नाही. मी बाईंमागे धावले. त्या कठड्याला धरून वर पाहत काहीतरी बोलत होत्या, मोठमोठ्याने, हसत आणि रडत. त्या गडगडाटात मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

रॉकेट ढगात शिरलं. हळूहळू आवाज उतरला. बाईंचा श्वास लागला होता.

"काय म्हणत होतात बाई?" मी विचारलं. "मला काही ऐकू आलं नाही."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न पाहताच, रॉकेट शिरलं त्या ढगाकडे बोट करून म्हणाल्या, "तुले कुठं सांगून राहिली होती? त्याले सांगून राहिली होती."